रीडिंग

दिवसभर मी झाकणं उचलतो.
कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांपुढे उकिडवा बसून
अंगठ्यानं काच पुसतो, आकडे वहीत घेतो.
झुरळं मिशा हलवत वाट देतात.
लोक म्हणतात, पाणी येत नाही, बिल कसलं?
मी म्हणतो, साहेबांना सांगा.
साहेब कोण, ते मलाही ठाऊक नाही.

साडेपाचला मात्र मी
मैदानाच्या तारेला नाक लावून उभा असतो.
एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही.
चेंडू इतका झिजलेला, की त्याच्यावरचे दाणे
आता फक्त घरतबाईंच्या तळव्याला आठवतात.

बाई घणसोली गावच्या.
गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी,
अंबाड्यात अबोलीचा गजरा. तो वाकडा झालेला
मी कधी पाहिला नाही, त्या ओरडतात तेव्हाही नाही.
आणि त्या ओरडतातच.
"मना कारणं नको सांगू, पाय दाखव, पाय!"
समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर
कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी करतं.

माथाड्यांच्या पोरी.
अर्पिता गोळे, जिला घरी
माळ्यावरचे डबे काढायलाच हाक मारतात.
निलोफर, डावखुरी.
आणि ती ढेबे, सगळ्यांत बुटकी,
पडली की आधी चेंडू शोधते, मग गुडघा.
बाई तिला आजवर एकदाच "बरं" म्हणाल्या.
ती तारीख मला पाठ आहे.

बायको विचारते, तिथं तुझं कोण आहे?
कोणी नाही.
मी जन्मात कधी चेंडू टाकलेला नाही.
म्हणजे, एकदा टाकला. रात्री, कुणी नसताना.
रिंगच्या आसपासही गेला नाही, गेला थेट गटारात.
काढला, नळावर धुतला, जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चेंडू हुंगला.
मग तारेपलीकडे पाहिलं.
"ए मीटर, आकडे वाचता येतात ना तुला?
आत ये. घड्याळ धर."

असा मी टेबलावर बसलो.

नेरुळच्या संघाशी सामना. एक गुण मागे, तीन सेकंद बाकी.
बाहेरून चेंडू आला, ढेबेच्या हाताला लागला,
आणि माझा अंगठा...
घाम होता की मन होतं,
मी आजही सांगू शकत नाही.
चेंडू रिंगवर दोनदा फिरला, आत पडला,
मग भोंगा वाजला.
पोरी एकमेकींवर कोसळल्या. कुणाची तरी आई नाचली.

बाई हलल्या नाहीत.
मग सावकाश, लंगडत, माझ्याकडे आल्या.
"तुझं रीडिंग काय सांगतंय?"
आवाज चढवला नाही. तो आवाज मला नवा होता.

बारा वर्षं दारोदार
"मीटर चुकलाय" ऐकून घेतलंय मी,
आणि "मीटर चुकत नाही" म्हणत पुढच्या दाराला गेलोय.
म्हणालो, "दाबायला उशीर झाला."

बाई पंचांकडे गेल्या.
मला फक्त पाठ दिसली, आणि गजरा.
फळ्यावरचे दोन गुण मीच पुसले, शर्टाच्या बाहीनं.
डाग अजून आहे.

महिनाभर पोरी माझ्याशी बोलल्या नाहीत.
गोळेच्या आईनं झाकणाला हात लावू दिला नाही,
त्या घराला मी सरासरी टाकली.
निलोफरनं एकदा पाण्याची बाटली पुढे केली,
आणि मी हात पुढे करताच मागे घेतली.

ढेबे मात्र दुसऱ्याच दिवशी पाचला हजर.
"काका, तीन मोजा. खरे."
तिनं टाकला. हुकला.
"परत."
हुकला.
"परत मोजा."

बाई कठड्यावर बसल्या होत्या,
पट्टा सैल करून, आमच्याकडे पाठ करून,
शेंगा सोलत.
मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

"अंगठा कोरडा कर रे, मीटर,"
त्या म्हणाल्या.